बायकांच्या दारातली मिठी

पीर नूरल शाहला सगळे सखी, म्हणजे दाता, म्हणतात; त्याच्या दर्ग्यात बायकांचं दार वेगळं आहे. त्या दारात येणाऱ्या प्रत्येक बाईला आधी मिठी मारायची, नाव-गाव मग विचारायचं, आणि नाही विचारलं तरी चालतं. सखी हयात असताना त्याच्या बहिणीने ही रीत घातली. सिंधभरातून बाया येतात. मुसलमान येतात, भिल्ल येतात, नवऱ्याने टाकलेल्या येतात. चाळीस वर्षं माझी फुफी, बापाची बहीण जानुल, त्यांना कवेत घेत आली. आता ते काम माझ्याकडे आहे आणि मला मिठी मारायची भीती वाटते.

गेल्या वर्षी एका गुरुवारी सतरा-अठरा वर्षांचा एक पोरगा बुरखा घालून या दारात आला. फुफीने त्यालाही मिठी मारली. त्याच्या कमरेला बांधलेलं तिथेच फुटलं. दारातली चार माणसं गेली. आत नगाऱ्याभोवती दोनशे बाया होत्या, त्या वाचल्या. फुफीचे हात त्याच्या पाठीवरून सुटले नव्हते म्हणतात. मला पाहू दिलं नाही.

गाव म्हणतं, तिला कळलं होतं, म्हणून तिने त्याला दारातच अडवून धरलं. दर्ग्याचा मुजावर तर तिला शहीदच म्हणतो. मी म्हणते, कसलं काय! फुफी भोळी होती. लांडगा दारात आला असता तरी जवळ घेऊन "जेवलास का?" विचारलं असतं तिने. तिच्या मायेनेच तिचा घास घेतला. हे मी तोंडावर बोलते, म्हणून मुजावर माझ्याशी फारसं बोलत नाही.

स्फोटानंतर सरकारने दारात एक यंत्र बसवलं. आमच्या बायांच्या अंगावर बांगड्या, तावीज, कमरेला किल्ल्या. यंत्र प्रत्येकीला पाहून किंचाळायचं. पंधरा दिवसांत त्याने मान टाकली. दारावरचा शिपाई रबडिनो मला अदी म्हणतो, मी त्याला अदा, बहीण-भाऊ; तो मग म्हणाला, "अदी हुरमत, तुमची ती मिठी आहेच की! तीच तपासणी. पाठ, कंबर, पोट, सगळं हाताला लागतं. काही कडक लागलं तर डावा हात वर कर आणि जमिनीवर आडवी हो. पुढचं मी बघतो."

"पुढचं म्हणजे काय, अदा?"

त्याने बंदुकीवर थाप मारली. "आणि पटकन आडवी हो. तुझ्या पोरांना तोंड दाखवायचंय मला."

तेव्हापासून दर गुरुवारी तेच चालू आहे. बाया विश्वासाने गळ्यात पडतात आणि माझी बोटं त्यांच्या पाठीवर चोरासारखी फिरतात. एक म्हातारी एकदा म्हणाली, "जानुलने जवळ घेतलं की रडू यायचं गं. तू घेतलंस की गुदगुल्या होतात." सगळी रांग हसली. मीही हसले.

मग एका गुरुवारी ऊन उतरायच्या सुमाराला रांगेतून एक पोरगी पुढे आली. उकाड्याने जीव नकोसा झालेला, आणि हिने जाड चादर गच्च लपेटलेली. पाय अनवाणी, धुळीने माखलेले. दोन्ही हात चादरीच्या आत.

"चादर सोड, बाई," मी म्हणाले.

तिने मान हलवली. मी एक पाऊल मागे सरकले. तेवढ्यात मागच्या बायांचा लोंढा आला, ती माझ्या अंगावर आली आणि सवयीने माझे हात तिच्याभोवती गेले.

कमरेला कडक लागलं. सगळीकडून जाड, लोखंडाचं, वेढ्यावर वेढे.

 डावा हात तिच्या पाठीवरून सुटला आणि खांद्यापर्यंत आला. रबडिनोने बंदूक सरळ केलेली मला दिसली.

"हलू नकोस," ती माझ्या कानात म्हणाली. "अदी, पाया पडते, हलू नकोस."

खोटं कशाला बोलू? मला आडवं व्हायचं होतं. घरी माझी दोन लेकरं आहेत, त्यांची तोंडं डोळ्यांपुढे आली. पण ती पोरगी थरथरत होती. दात वाजत होते, काळीज माझ्या छातीवर आपटत होतं. तापाने फणफणलेलं मूल थरथरतं तशी. माझा वर निघालेला हात खाली आला तो तिच्या डोक्यावर. मी काही ठरवलं नव्हतं. डोळे मिटले, कलमा म्हणायला लागले आणि तिला घट्ट धरलं.

काहीतरी खुळखुळलं.

"वाजलं!" ती रडायला लागली. "माझा दीर मला शोधत आलाय, तिकडे पुरुषांच्या रांगेत उभा आहे. त्याला ऐकू जाईल."

मी चादर जरा बाजूला केली. साखळी होती. म्हशीला घालतात तसली, कमरेभोवती पाच वेढे, कुलूप, आणि टोकाला उपटलेला खुंटा. भागुल नाव तिचं. जिन लागलाय म्हणून सासरच्यांनी तिला वर्षभर गोठ्यात बांधलं होतं. साखळी वाजू नये म्हणून अंगाला गुंडाळून ती पहाटेपासून चालत आली होती.

मिठी न सोडता मी तिला तशीच आत नेली. नगारा सुरू झाला होता. आता साखळी कितीही वाजली तरी कुणाला ऐकू जाणार नव्हती. लंगरावर रांधणाऱ्या बायांना म्हटलं, हिला आधी भाकरी द्या, आणि मागच्या दाराने लोहाराला आणा.

दारात परतले तर रबडिनो घामाने निथळत होता.

"साखळी आहे," मी म्हणाले. "ती आता सखीची पाहुणी. कुणी विचारलं तर तू काही पाहिलं नाहीस."

"ते मी सांभाळतो. पण हात अर्धा वर येऊन खाली का गेला? मी घोड्यावर बोट ठेवून उभा होतो! तो खरंच बॉम्ब असता तर?"

"थरथरत होती रे ती."

"म्हणून धरून ठेवायचं?"

 वर्षभर मी फुफीला भोळी म्हणत आले, गाव तिला शूर म्हणत आलं. पण तो पोरगाही थरथरत असणार. सतरा वर्षांचं पोर, कमरेला मरण बांधलेलं. फुफीच्या हातांना दोन्ही कळलं असणार, कडकही आणि थरथरही.

मी दाराच्या चौकटीला धरून रडले. रांग थांबून राहिली.

मग पुढची बाई आली. बुरख्यात होती, तोंड दिसत नव्हतं. मला अजूनही भीती वाटत होती. मी हात पसरले.