चार बोटं कमी पडलेला पट्टा

या मित्रांनो, जवळ सरका. मागच्यानं जांभई आवरावी. गोष्ट जिन्यावरची आहे आणि तिच्यात भर दुपारी एका भल्या माणसाची पॅन्ट घसरते. उडाली ना झोप? मग ऐका.

मी एक जुना चामड्याचा पट्टा आहे. कमरेचा. दुकानाच्या काचेत लटकून आलेलो नाही, घरच्या जेवायच्या टेबलावर जन्मलोय, आणि त्याचा मला ताठा आहे. असू द्या. पट्ट्याला ताठा शोभतो.

माझा धनी सामान हलवायच्या कामावर होता. लोकांनी घर बदललं की हा आणि याचे सोबती कपाटं, पलंग, फ्रीज जिन्यावरून चढवायचे, उतरवायचे. अंगानं भरलेला, पोट तर त्याच्या आधी घरात शिरायचं. म्हणून सगळे त्याला टेकडी म्हणायचे. आता जिन्यावरून कपाट उतरवताना एक खालचा माणूस असतो बघा. वरचे नुसतं धरतात, वजन सगळं खालच्याच्या छातीवर. तो चुकला की कपाटही गेलं आणि तोही गेला. म्हणून ती जागा मानाची. ती कायम टेकडीची होती.

माझ्या आधी त्याच्या कमरेला एक चकचकीत पट्टा होता. चामड्याचा म्हणून घेतलेला. आत पुठ्ठा आणि वर रंग. एकदा आरशाचं कपाट उतरवताना तो काडकन तुटला. धन्याचे दोन्ही हात कपाटाला. कपाट सोडावं की पॅन्ट? टेकडीनं कपाट धरलं. पॅन्ट गेली घोट्यापर्यंत, आणि तसाच तो बापडा एकेक पायरी चाचपत मजला उतरला. घरमालकीणबाईंनी डोळ्यांवर हात ठेवला होता, पण बोटांत फट भरपूर होती.

सोबत्यांनी हसून जिना डोक्यावर घेतला. मुकादम मात्र हसला नाही.

"पायात पॅन्ट अडकून पडला असतास म्हणजे? उद्यापासून तू गाडीत दोर गुंडाळ. खाली दुसरा घालतो."

"अहो मुकादम, पट्टा तुटलाय, मी नाही तुटलो!"

"ज्याला स्वतःची पॅन्ट सांभाळता येत नाही, त्याच्या अंगावर लोकांचं कपाट घालू मी?"

झालं. खालचा माणूस दोर गुंडाळायला लागला. घरी येऊन त्यानं तुटका पट्टा टेबलावर टाकला. बायको घरी पडदे शिवायची, ती म्हणाली, "चांगला पट्टा आपल्याला परवडायचा नाही, आणि हलका आणलात तर परत तेच. घरीच करा."

"मी? कातड्यातलं मला काय कळतं?"

"मला तरी पडद्यातलं कुठं कळत होतं? आधी उशीचे अभ्रे बिघडवले, मग जमलं."

मग दोघं कातडंवाल्या म्हातारीकडे गेले. तिच्याकडे उरलेसुरले तुकडे टोपलीत टाकलेले असायचे. धन्यानं मऊसूत बघून एक उचलला, तर म्हातारी खेकसली. "ठेव ते. पोटाकडचं आहे, चार दिवसांत ताणून लांब होईल. पाठीचं घे. हे बघ, जनावराला तारेचा ओरखडा गेलाय म्हणून कुणी हात लावत नाही. डाग दिसण्यात आहे, ताकदीत नाही." तो डागाळलेला तुकडा म्हणजे मी. पडत्या भावात मिळालो, पण पाठीचा आहे, हे विसरू नका.

आता माप. बायकोनं टेप काढली आणि नेमकी तेव्हाच मेहुणी दारात येऊन उभी राहिली. धन्यानं काय केलं असेल? पोट घेतलं आत.

"अहो, श्वास सोडा."

"सोडलाय."

"मग तोंड लाल का झालंय?"

"अय्या भाऊजी," मेहुणी म्हणाली, "टेकडी कुठं गेली? मैदान झालं की!"

एवढं कौतुक ऐकल्यावर कुठला पुरुष श्वास सोडतो? तसंच माप लिहिलं गेलं.

पण माझं बनणं मात्र बघण्यासारखं होतं. धन्यानं सरळ फळी ठेवून मला कापलं. कडा पॉलिशपेपरनं घासल्या, पाण्याचं बोट फिरवलं आणि लाकडी चमच्याच्या दांड्यानं अशा रगडल्या की कडेवरून गाल फिरवावा. टाके एका अंतरावर पडावेत म्हणून जेवणाचा काटा दाबून खुणा केल्या, खिळ्याला धार लावून टोचे पाडले. दोऱ्याला मेणबत्ती चोळली. भोकं पाडायला हत्यार कुठून आणणार? बंद पडलेल्या रेडिओची एरियल मोडली, तिच्या पोकळ नळीचं तोंड धारदार केलं आणि ठोकली. गोल गरगरीत भोकं! बक्कल तेवढं त्या तुटक्या पट्ट्याचं घेतलं. त्याच्यात तेवढंच खरं होतं.

मग धन्यानं मला कमरेला लावलं. ओढलं. अजून ओढलं. टोक काही बक्कलापर्यंत पोचेना. चार बोटं कमी.

"कातडं आटलं असेल," धनी पुटपुटला.

"कातडं नाही आटलं. माप देताना तुम्ही आटला होतात."

धनी खुर्चीत बसला तो उठेचना. दुसरा तुकडा घ्यायची ऐपत नव्हती आणि दोर गुंडाळत आयुष्य काढायची तयारी नव्हती. बायको उठली. आत गेली आणि खांद्याची काळी चामड्याची पिशवी घेऊन आली. पडद्यांच्या पहिल्या कमाईतून घेतलेली. पिशवी विरली होती, पण तिची पट्टी जाड, धडधाकट. तिनं ती पट्टी कापली.

"अगं, तांबड्याला काळा जोड? लोक हसतील."

"पॅन्ट पडल्यावर हसलेच ना? आता जोड बघून हसू देत."

दोघं समोरासमोर बसले. प्रत्येक भोकातून दोन सुया, एक इकडून, एक तिकडून, म्हणजे एक दोरा तुटला तरी दुसरा धरून राहतो. तशा दोन ओळी घातल्या. मित्रांनो, माझ्या अंगावर त्या जोडाइतकी सुंदर जागा नाही.

मुकादमानं मला बघितलं आणि नाक मुरडलं. "जोड? म्हणजे तुटायची जागा आधीच ठरवून ठेवलीस!" दोर काही सुटला नाही.

मग एके दिवशी खालच्या गड्याला ताप भरला, आणि लोखंडी कपाट तर उतरवायचंच होतं. मुकादमानं मान हलवली, "चल टेकडी. पण मी तुझ्या मागंच आहे." जिन्याच्या वळणावर कठडा रंगवायला काढून ठेवलेला. धन्याचा पाय सांडलेल्या रंगावरून सटकला. कपाट वरच्यांनी भिंतीला दाबलं, ते राहिलं. पण टेकडी मोकळ्या बाजूला कलली. खाली दोन मजले पोकळी. मुकादमाचा हात झेपावला आणि त्याच्या मुठीत आलो मी.

एवढा मोठा माणूस माझ्यावर लोंबला. सगळा ताण माझ्या अंगावरून फिरून जोडावर आला. दोरा करकरला. काळी पट्टी म्हणाली, धर. मी म्हणालो, धरलंय. आणि आम्ही धरलं.

मुकादमानं त्याला आत ओढलं आणि दोघं पायरीवर धपकन बसले. मग मुकादमानं वाकून जोडावरून अंगठा फिरवला. "कुणी शिवलंय हे?"

"आम्ही दोघांनी."

"उद्यापासून खाली तूच. आणि मलाही एक करून दे."

"देतो. पण माप देताना पोट सोडायचं, मुकादम."

त्यानंतर सगळ्या सोबत्यांच्या कमरेला माझे भाऊबंद आले. पण जोड फक्त मला!

पुढं इमारतींना लिफ्ट आल्या, धन्याचे गुडघे गेले, आणि मी दारामागच्या खिळ्याला गेलो. तिथं कुणी बघत नाही. अंग वाळून कडक झालं, जोडावर बुरशी चढली. लोकांचे कोट माझ्या डोक्यावर टांगले. मी, ज्यानं टेकडी तोलली!

मग धन्याच्या मुलीला नोकरी लागली. लिफ्ट दुरुस्तीची, काय म्हणावं! हत्यारांची पिशवी अडकवायला तिला पट्टा हवा होता. तिनं खिळ्यावरून मला काढलं. धन्यानं ओल्या फडक्यानं बुरशी पुसली, सावलीत वाळवलं, तेलाचं बोट फिरवलं. अंग असं सैलावलं म्हणून सांगू! मग एरियलची नळी शोधली आणि टेप मुलीच्या कमरेभोवती धरली.

"श्वास सोड."

"सोडलाय, बाबा."

"खरं सांग. माझीच मुलगी आहेस तू."

ती हसली आणि पोट सुटलं. तिथंच त्यानं खूण केली.

आता मी रोज कामाला जातो. तेव्हा मित्रांनो, एवढं करा. घरी गेल्यावर दारामागं बघा. माझ्यासारखा कुणी वाळत पडला असेल तर पुसा, तेलाचं बोट फिरवा, उन्हात टाकू नका. आणि कुणी आपुलकीनं तुमचं माप घ्यायला बसलं, तर बाबांनो, बघायला कुणीही दारात उभं असो, श्वास सोडा.