चाळीस सेकंद मागे

मधुकररावांना 'फोर-के' हा शब्द फार आवडला होता. त्याचा अर्थ विचारायच्या भानगडीत ते पडले नाहीत. मंडळाचे अध्यक्ष म्हणून तो थेट बॅनरवर छापून मोकळे झाले. मैदानात उभारलेल्या पडद्यात तेवढे पिक्सेल नाहीत, परदेशातून येणारं स्पर्धेचं चित्रही तेवढं स्पष्ट नाही, असं पडदा चालवणाऱ्या भूपेशने समजावून पाहिलं. ऐकतो कोण! शेवटी तोच छाती ठोकून म्हणाला, "नाव काहीबी द्या. घामाचा थेंब दिसन, हे माझ्यावर." त्याच्या बापाने हातमागावर तुटका धागा कधी सोडला नाही, हा पडद्यावर एक मेलेला पिक्सेल, विझलेला ठिपका, सोडत नसे.

आज त्याची भाची प्रणाली वेटलिफ्टिंगच्या अंतिम फेरीत होती. पहिल्या रांगेत तिची आई, म्हणजे भूपेशची थोरली बहीण चंद्रकला, मांडीवर पेढ्यांचा डबा घेऊन बसली होती.

चित्र मध्येच अडकू नये म्हणून भूपेशने ते चाळीस सेकंद मागे ठेवलं होतं. आधी त्याच्या टेबलावरच्या मॉनिटरवर यायचं, मग पडद्यावर. या युक्तीचा त्याला भारी अभिमान.

मॉनिटरवर प्रणालीने शेवटचं वजन डोक्यावर नेलं आणि तिचा डावा कोपर उलटा वळला. वजन कोसळलं. ती आडवी पडून ओरडत होती. मॉनिटरचा आवाज बंद होता. पडद्यावर मात्र ती अजून हाताला पावडर चोळत होती आणि मैदान टाळ्या पिटत होतं.

भूपेश ताडकन उठला. ताईकडे धावावं, तर टेबलाभोवती बांबूचं कुंपण आणि त्याला रेलून दाटलेली माणसं. पडदा बंद करावा, तर लोक मोबाईल काढून तेच चित्र ताईच्या हातात देतील. पंचवीस सेकंद उरले. आपल्याच युक्तीत तो पुरता अडकला होता.

त्याने पडद्याचं चित्र सगळ्यात खालच्या दर्जावर ओढलं. प्रणालीचे नुसते चौकोन झाले. मैदान शिट्या मारू लागलं.

"हेच का तुझं फोर-के?" मधुकरराव ओरडले.

"नेटवर्क गेलं, काका."

चित्राबद्दल तो आयुष्यात पहिल्यांदाच खोटं बोलला. चंद्रकलाने पडद्याकडे पाहिलंच नाही. ती मागे वळून त्याच्याकडे बघत होती. डबा तिने खाली ठेवला होता.

"भूपेश, तुह्या पडद्यावर कधी डाग नाही राहिला. तू काय पायलं गा? माह्या पोरीले काय झालं?"

पडद्यावर प्रणालीने अजून वजनाला हातही लावला नव्हता.