गळ्यामागची पट्टी

आई गेल्यावर घर आवरताना माझ्या लक्षात आलं, की तिच्या हातचं असं घरात काहीच नाही. जी बाई जन्मभर शिवत होती, तिच्या घरात शिलाई मशीन नव्हतं. "दिवसभर तेच करते, घरी सुई दिसली तरी डोकं दुखतं," म्हणायची. माझी बटणं मीच लावायचे आणि तिचीसुद्धा. पडदे शिंप्याकडचे, उशांचे अभ्रे तयार आणलेले. बाबा मी लहान असतानाच गेले होते, घरात आम्ही दोघीच. तिच्या हातचं जे काही होतं, ते आम्ही वेळच्या वेळी खाऊन संपवलं होतं.

ती ज्या कारखान्यात होती, तिथे गायकांच्या दौऱ्यांचे टी-शर्ट तयार व्हायचे. कार्यक्रमाच्या मैदानाबाहेर अधिकृत दुकानात टांगलेले असतात, तसे. त्यांतला सगळ्यांत मोठा गायक म्हणजे एक गिटारवाला. कारखान्यातल्या बायका त्याला नुसतं 'दाढी' म्हणायच्या. आज दाढीचे काळे चाललेत, उद्या दाढीचे लहान साइज काढायचेत. आईनं त्याचं एकही गाणं धड ऐकलेलं नव्हतं, पण त्याची दाढी कुठून पांढरी व्हायला लागली ते तिला त्याच्या बायकोच्या आधी कळलं असेल. शर्ट घरी आणायची मुभा नव्हती. शिलाईत बिघडलेला शर्टसुद्धा सुपरवायझर छातीवरून कात्रीनं कापून टाकायचा, बाहेर विकला जाऊ नये म्हणून.

तर मला एक शर्ट हवा होता. आईनं शिवलेला. तेवढंच.

आणि तो ओळखता आला असता. आईचं काम गळ्याचं. शर्टाच्या आतून, मानेच्या मागे, एका खांद्यापासून दुसऱ्या खांद्यापर्यंत एक बारीक पट्टी लावतात, शिवण मानेला घासू नये म्हणून. पट्टीच्या टोकाला टाका पक्का करायचा तर बाकीच्या बायका मशीनचा लिव्हर दाबून त्याच रेषेत मागे यायच्या, की झालं. आईच्या पहिल्या मशीनचा लिव्हर सैल होता. ती कापडच हातानं किंचित फिरवून परत यायची, तिरकी. त्यामुळे तिच्या पट्टीच्या टोकाला तीन फाट्यांची एक खूण पडायची, कावळ्याच्या पायासारखी. पुढे नवं मशीन मिळालं, लिव्हर लोण्यासारखा चालायचा, पण तिचा हात फिरायचा तो फिरायचाच. सुपरवायझर म्हणायचा, "बाई, कापडावर पक्षी बसवू नका." मग तोही थकला.

म्हणून मी गाण्यांच्या जुन्या तबकड्यांच्या दुकानात जायला लागले. दुकानदार म्हातारा, पण जीभ तरुण. तबकड्यांबरोबर तो गायकांचे जुने शर्टही विकायचा आणि त्या शर्टांत वरचेवर फसायचा. एकदा एका गिऱ्हाइकानं नकली निघालेला शर्ट भर दुकानात त्याच्या गल्ल्यावर आणून टाकला होता. ते त्याच्या फार मनाला लागलं होतं. मी पहिल्यांदा गेले तेव्हा त्यानं कौतुकानं दाखवलेला शर्ट नकली आहे असं मी म्हटलं, आणि का ते सांगितलं. तेव्हापासून ठरूनच गेलं. माल आला की तो मला फोन करायचा. मी वाचनालयातल्या नोकरीवरून सुटले की जायचे, त्याचा गठ्ठा तपासून द्यायचे आणि त्यातल्या खऱ्या शर्टांचे गळे उलटे करून बघायचे.

ओळखायला मला आईनंच शिकवलं होतं. मी शाळेत असताना एकदा आम्ही दोघी दाढीच्या कार्यक्रमाच्या मैदानावरून जात होतो, बाहेर फुटपाथवर शर्ट मांडले होते. मला एक घ्यायचाच होता. आईनं तो हातात घेतला, छपाईवरून अंगठा फिरवला आणि विक्रेत्याच्या देखत मला शिकवायला सुरुवात केली. आधी गिटारच्या तारा बघ. सहा तारा सुट्या दिसल्या पाहिजेत. हे फोटोवरून फोटो काढतात, मग तारांचं गवत होतं. मग छपाई ताणून बघ. खरी कापडात मुरते, ही वर चिकटवल्यासारखी आहे, दोन धुण्यांत भेगा पडतील. चित्राखाली हक्क राखीव असल्याची बारीक ओळ असते, ती कुठाय? इतकं सगळं ठीक निघालं तर लेबलावर दौऱ्याचं साल जुळतंय का बघ. आणि मग गळा.

"काकू," विक्रेता म्हणाला, "शर्ट घेताय की त्याची मुलाखत?"

"पहिल्याच प्रश्नाला नापास झालाय," आई म्हणाली.

"आणि गळ्यात काय असतं?" मी परतताना विचारलं.

"पट्टी. नकलीला नसते. आतलं कुणाला दिसतंय? तिथे कोण दोरा घालवतं?"

हेच मी दुकानात वापरत होते. हळूहळू इतका हात बसला, की शर्टाची गुंडाळीही सोडावी लागायची नाही. छातीवरचं कापड मुठीत घेतलं, तारांवरून अंगठा फिरवला, की निकाल. तारांचं गवत असलं की पुढचं काहीच बघायचं कारण नसायचं. नकली ठरलेला शर्ट दुकानदार तिथल्या तिथे कापायचा. बाह्यांच्या खालून आडवी कात्री. खालचं कापड तबकड्या पुसायला ठेवायचा. वरचा, गळ्याचा भाग टोपलीत टाकायचा, कारण शिवणीनं तबकडीवर ओरखडे पडतात.

खरे शर्ट बरेच निघाले. त्यांचे गळे मी खिडकीशी नेऊन उलटे करायचे. सगळे सरळ टाके. लिव्हर दाबून उलटे आलेले.

त्या दिवशी फोन आला तसा गेले.

"या डॉक्टरीणबाई, पेशंट येऊन पडलेत."

"कितपत आजारी?"

"ते तुम्ही सांगायचं. मला सगळे ठणठणीतच दिसतात, म्हणून तर बुडतो."

कुणीतरी घर सोडताना विकलेला गठ्ठा होता. वरचा शर्ट काळा, दाढीचा. मी मुठीत धरला, अंगठा फिरवला.

"हा नकली."

"नीट बघा हो. रंग किती छान टिकलाय."

"तारा बघा काका. गवत आहे."

"मला इथे गिटारच दिसत नाही, तारा कुठून दिसणार," म्हणत त्यानं कात्री उचलली. मी पुढचा शर्ट घेतला. कात्रीचा तो आवाज माझ्या ओळखीचा झाला होता, जाड कापडातून जाणारा, संथ. वरचा तुकडा टोपलीत पडला तो उलटा होऊन पडला.

काळ्या कापडावर गळ्याच्या मागे एक राखाडी पट्टी होती.

मी वाकून तो तुकडा उचलला. नकलीला पट्टी नसते. ही होती, आणि शर्टाच्या कापडाची नव्हती, दुसऱ्याच कशातून तरी कापलेली. खिडकीशी नेला. पट्टीच्या डाव्या टोकाला तीन फाटे. उजव्या टोकाला तीन फाटे.

"काय झालं?" दुकानदारानं विचारलं. "खरा होता की काय? अहो, कापला मी."

"नाही. नकलीच आहे."

"मग?"

मी टोपलीत वाकून बघितलं. "काका, याआधी कापलेल्यांचे वरचे तुकडे कुठायत?"

"टोपली रोज जाते की कचऱ्यात." मग माझ्या तोंडाकडे बघून तो आवाज उतरवून म्हणाला, "का हो?"

"हा मी नेऊ?"

"न्या. असा कसा अर्धाच नेता, खालचाही न्या." त्यानं दोन्ही तुकडे नीट घडी घालून, तबकड्या देतो तशा चौकोनी पिशवीत घातले. पुढे काही विचारलं नाही. बाकीचा गठ्ठा तसाच राहिला.

मी थेट बाहीवाल्या मावशीकडे गेले. कारखान्यात आईच्या शेजारच्या मशीनवर ती बाह्या जोडायची. आता घरीच खिडकीत मशीन मांडून लोकांचे कपडे सैल-घट्ट करून देते. आईच्या आजारपणात रोज डबा घेऊन यायची आणि आईला म्हणायची, "खा गं, तुझ्यासाठी मीठ मोजून घातलंय," आणि आई म्हणायची, "मोजून घातलं नाहीस."

मी तुकडा तिच्यासमोर ठेवला. तिनं चष्मा लावला. छपाईकडे बघितलंच नाही. अंगठा गळ्यामागे गेला आणि टोकाशी जाऊन थांबला.

"कुठे मिळाला?"

"हा कारखान्यातला नाही ना मावशी?"

"नाही." तिनं तुकडा मांडीवर घेतला. "तुला सांगू नको म्हणाली होती."

"आता सांग."

"कारखाना बंद पडला तेव्हा तू बाहेर शिकायला होतीस."

"तेव्हा ती शाळेचे गणवेश शिवत होती."

"कुठल्या शाळेचे?"

मी फोनवर हेच विचारलं होतं. कसले गणवेश? तर आई म्हणाली होती, निळे.

"गणवेश-बिणवेश काही नाही," मावशी म्हणाली. "एक गोदाम होतं, शटर अर्धं खाली. त्यात दाढीचेच शर्ट, हे असले. ज्या मालानं आमचा कारखाना बुडवला, तोच माल आम्ही शिवत होतो. हसायचो आम्ही. रडून मशीनवर थेंब पडले असते."

"आईला कसं वाटायचं?"

"पहिल्या दिवशी नुसती बसून होती. दुसऱ्या दिवशी मालकाला म्हणाली, गळ्याला पट्टी कुठाय? तो म्हणाला, नकलीला कसली पट्टी बाई, कोण बघतंय? ही म्हणाली, बघत कुणी नाही, मान घासते." मावशीनं चष्मा काढला. "तो म्हणाला, घासू दे. तर म्हणते, शर्ट खोटा असला तरी मान खरी असते ना. मग जेवायच्या सुट्टीत खाली पडलेल्या चिंध्या गोळा करायची, त्यांच्या पट्ट्या कापायची. कधी राखाडी, कधी लाल, मिळेल ती. मालक रोज ओरडायचा, ही रोज लावायची."

"सगळ्यांना?"

"तिच्या मशीनवरून गेला त्या प्रत्येकाला."

खाली कुणीतरी सायकल लावत होतं. स्टँडचा आवाज आला. मी दुकानातल्या टोपलीचा विचार करत होते. इतके महिने शर्ट मुठीत धरून, न उलगडता, मी त्यांना नकली म्हणाले होते. त्यांतले किती गळे तिचे होते हे आता कळायची सोय नव्हती. खऱ्या शर्टांत मी तिला खिडकीच्या उजेडात शोधत होते, आणि ती टोपलीत जात होती.

"मला का नाही सांगितलं तिनं?"

"मी म्हणायचे, सांग की पोरीला, खाऊन थोडीच टाकणार आहे. तर म्हणायची, तिला खोटं ओळखायला मीच शिकवलंय, आता कुठल्या तोंडानं सांगू?"

मावशीनं पिशवीतला खालचा तुकडा काढला, दोन्ही कडा एकमेकींना लावून बघितल्या. कात्री सरळ चालली होती.

"दे, जोडून देते. कळणारसुद्धा नाही."

"नको."

"अगं, असा काय कामाचा?"

"राहू दे मावशी. तुझी शिवण नको त्यात."

ती रागावली नाही. उलट मान हलवली, जणू हे तिलाही आधीच पटलेलं होतं. मग तिनं वरचा तुकडा उचलला, माझ्यामागे येऊन उभी राहिली आणि लहान मुलीला घालतात तसा माझ्या डोक्यातून खाली ओढला, अंगातल्या कपड्यांवरूनच. बाह्या आल्या, खांदे आले. छातीपाशी तो संपला. गवतासारख्या तारांची निम्मी गिटार माझ्यावर लोंबत होती. आरशात बघितलं असतं तर मी नक्की हसले असते.

तिनं मागून बोट घालून गळा सारखा केला. पट्टी मानेवर बसली. इतक्या वर्षांच्या धुण्यानं मऊ झाली होती.

"घासतंय का?" मावशीनं विचारलं.

"नाही," मी म्हणाले.