ख्वाजानं पाहिलेला दर्या

मी गुंडू बोलतोय. ख्वाजाचं तट्टू. करवीरच्या गादीवर शाहू महाराज होते, तेव्हा शाहूपुरीच्या बाजारातून मी गुळाचे रवे, म्हणजे ढेपा, वाहायचो. घाट लागला की मुद्दाम लंगडायचो. मग धनी एक रवा उतरवून स्वतःच्या डोक्यावर घ्यायचा.

ख्वाजा माणूस दिलदार, पण बढाईखोर. "विजयदुर्ग? अवो, तिथल्या तटावर बसून दर्या बघितलाय मी!" असं बाजारभर सांगायचा. खरं तर फोंड्याच्या घाटापलीकडं आम्ही कधी उतरलोच नव्हतो.

एक दिवस त्याची सासू हुसेनबी म्हणाली, "जावाय, मरायच्या आदी मला बी दर्या दावा की. तुमच्या तर पायाखालचा हाय."

नाही कसं म्हणणार? म्हातारीला माझ्या पाठीवर बसवून स्वारी निघाली.

विजयदुर्ग आलं. तिन्ही बाजूंनी पाणी, आणि एकाआड एक असे तीन काळेभोर तट. ख्वाजानं आ वासला, मीही. पण लगेच सावरून तो सुरू झाला, "अम्मा, ही तोफ उडाली की कोल्हापुरात भांडी पडायची!"

"व्हय?" म्हणत अम्मा पदराआड हसली.

त्यानं मला तटाखाली वाळूत बांधलं.

"पाणी चढत न्हाय न्हवं?" अम्मानं विचारलं.

"छ्या! हितलं पाणी जाग्यावरच हलतंय."

दोघं वर गेली आणि पाणी माझ्या खुरांशी आलं. चाखून बघितलं, थू! मग गुडघ्यांशी, मग पोटाशी. दावं तुटेना. मी जिवाच्या आकांतानं खिंकाळलो.

ख्वाजा धावत आला आणि काठावरच थिजला. "अम्मा, म्या दर्या कवा बघितलाच न्हाय वो!"

"ठावं हाय मला," म्हणत अम्मानं लुगडं खोचलं, पाण्यात शिरली आणि माझी गाठ सोडली. तेवढ्यात लाटेनं तिला आडवं केलं. तेव्हा मात्र ख्वाजा डोळे मिटून आत घुसला. एका हातात सासू, दुसऱ्या हातात माझी आयाळ धरून त्यानं आम्हाला वाळूवर आणलं आणि मटकन खाली बसून पोरासारखा रडला.

परतल्यावर बाजारात कुणीतरी विचारलं, "काय ख्वाजा, दावला का दर्या?"

ख्वाजा माझ्या पाठीवरचं ओझं उतरवायला वळला. अम्माच पुढं सरसावली, "दावला म्हंजे? तुफान आलतं! जावायानं तट्टू खांद्यावर घिऊन पवत काढलं!"

आता माझे दात पडलेत, ओझं सुटलंय. अम्मा मात्र अजून तीच गोष्ट सांगते, आणि ख्वाजा लाजून मान खाली घालतो. पावणं, तुम्हाला कधी ऐकवली, तर मध्येच हसू नका. निम्मी खरी आहे.