हत्तिणीचं दार

पडदेवाल्यांच्या गाडीला घरात हत्तीण म्हणत. ऐसपैस अंग, डुलत चालणं, आणि खाण्याचं तर विचारूच नका. पेट्रोल पंपावरचा माणूस तिला लांबून पाहूनच खूश व्हायचा. जावयाचंही कुणी इतकं तोंडभर स्वागत करत नसेल.

"पडदे मी शिवायचे आणि कमाई हिने प्यायची," बायको म्हणाली. "मेकॅनिककडे एक छोटी गाडी आलीय. वापरलेली आहे, पण चिमणीसारखी चोचभर पिते म्हणे. बघून तरी येऊ."

"बघू की," पडदेवाले म्हणाले. त्यांच्या 'बघू की'चा अर्थ 'नको' असा असतो, हे तिला लग्नानंतर लगेचच कळलं होतं.

"आता काय अडलं?"

"पडद्याच्या दांड्या मावायच्या नाहीत तिच्यात."

कारण पटण्यासारखं होतं, फक्त खरं नव्हतं. खरं कारण होतं हत्तिणीचं दार. बायको बसायची त्या बाजूचं आतलं हँडल केव्हाच तुटलं होतं. त्यामुळे गाडी थांबली की पडदेवाले उतरत, पुढून वळसा घालत आणि बाहेरून दार उघडून धरत. समोरच्या शेजारीणबाई ते पाहून आपल्या नवऱ्याला म्हणत, "शिका जरा!"

गोड बोलणं पडदेवाल्यांना जन्मात जमलं नव्हतं. एकदा बायकोच्या नव्या कपड्यांचं कौतुक करायला गेले आणि तोंडातून निघालं, "कापड टिकाऊ दिसतंय." तेव्हापासून त्यांनी तो नाद सोडला. जे काही सांगायचं ते दार उघडून सांगून टाकायचे. चिमणीची दारं धडधाकट असणार. मग सांगायचं कशानं?

दुसऱ्या दिवशी ते बायकोला हत्तिणीत बसवून, दुकानातली सगळ्यांत लांब दांडी घेऊनच मेकॅनिककडे गेले.

"काका, गाडी बघायला आलात की मला झोडायला?" तो म्हणाला.

दांडी मागून आत सरकवली. ती पुढच्या दोन सीटांमधून थेट काचेखाली जाऊन टेकली आणि मागचं दार बिनबोभाट बंद झालं.

"बसली की!" बायकोनं टाळी वाजवली.

पडदेवाल्यांचं तोंड पडलं. "रंग जरा भडक आहे."

"ह्याच रंगाचे पडदे लोकांच्या गळ्यात मारता तुम्ही!"

तोवर मेकॅनिक बदल्यात घ्यायची म्हणून हत्तीण तपासायला गेला होता. बायकोच्या जागेवर बसून त्यानं काच वरखाली केली, सीट हलवून पाहिली, मग दार उघडून तो सरळ बाहेर आला.

पडदेवाले पाहतच राहिले. "तू आतून उघडलंस?"

"मग काय, खिडकीतून उडी मारू?"

"अरे, ते हँडल तुटलंय."

"तुटलं होतं. ब्रेकच्या कामाला आली होती, तेव्हाच नवं बसवलं मी. झाली की दोन वर्षं. काकूच गाडी न्यायला आल्या होत्या. त्यांना दाखवलंसुद्धा."

काकू दांडीच्या टोकावरची धूळ रुमालानं पुसण्यात फारच गुंतल्या होत्या.

"बोलली नाहीस कधी," पडदेवाले म्हणाले.

"राहून गेलं. कामाच्या गडबडीत."

"दोन वर्षं?"

"मग! काम काय थोडं असतं का?" ती फणकारली खरी, पण कान लालबुंद झाले होते.

पडदेवाल्यांनी हत्तिणीच्या बॉनेटवर हळूच थोपटलं. काहीतरी छान बोलावं असं त्यांना मनापासून वाटलं. त्यांनी घसा खाकरला, बायकोकडे पाहिलं, आणि ऐनवेळी चिमणीकडे वळून म्हणाले, "टिकाऊ दिसतेय. घेऊन टाकू."

बायको खुदकन हसली. मेकॅनिकला त्यात हसण्यासारखं काय होतं ते कळलं नाही.

व्यवहार उरकून चिमणी घरापुढे येऊन थांबली. पडदेवाल्यांनी हळूच शेजारी पाहिलं. चकचकीत हँडल बायकोच्या हाताशीच होतं. ती मात्र मांडीवर पर्स घेऊन, समोर बघत, ढिम्म बसून होती.

ते उतरले, पुढून वळसा घातला आणि दार उघडून धरलं.

"काय हो," उतरता उतरता ती म्हणाली, "गाडी निम्मी झाली, तरी वळसा घालायला तेवढाच वेळ?"