लोकरीच्या पिळात खोचलेला आकडा

मित्रांनो, मी केसांत खोचायचा एक जुना आकडा आहे. तारेचा तुकडा मधोमध वाकवून, वर काळा रंग चढवून मला घडवले. बर्डीच्या बाजारातून भागीरथाबाईंनी माझ्यासारखे पुष्कळ घरी नेले. बाकीचे हरवले, मी मात्र वर्षानुवर्षे त्यांच्या अंबाड्यात राहिलो. त्यांचे केस दाट होते, जड होते. शेजारच्या शोभाताई म्हणायच्या, "तुमचा अंबाडा कसा हालत नाही वं बाई!" तेव्हा मी आतल्या आत फुगायचो.

मग १९७८ च्या हिवाळ्यात धंतोलीच्या एका दवाखान्यात भागीरथाबाईंच्या डोक्याचे ऑपरेशन झाले. त्याआधी सारे केस काढले. मी उशाशी वाटीत पडून राहिलो. केस पुन्हा येतील, असे डॉक्टर म्हणाले. मी त्याच आशेवर होतो.

घरी आल्यावर त्यांचे डोके गारठायचे. मुलगी प्रेमिला जाड राखाडी लोकर घेऊन टोपी विणायला बसली. टोपीवर वेणीसारखे पीळ हवे होते आणि त्यासाठी तिसरी छोटी सुई लागते. ती नव्हती, म्हणून तिने मला उचलले. चार टाके माझ्यावर घ्यायचे, मला पुढे धरायचे, मागचे चार आधी विणायचे, मग माझ्यावरचे. माझी जागा घेणारी टोपी माझ्याच आधाराने वाढत होती! माझा नुसता जळफळाट व्हायचा.

एकदा भागीरथाबाईंनी पडल्यापडल्या विणीवरून बोटे फिरवली. "अवं, आकडा एकदा पुढं धरून राहिली, एकदा मांगं. अशानं पीळ पडते काय? सोड सारं!"

"सारं?" प्रेमिला रडवेली झाली.

त्या दिवशी टाके भराभर उसवले आणि मला फार आनंद झाला. पण तो टिकला नाही. प्रेमिलाने पुन्हा विणले, ह्या वेळी बिनचूक.

"मले चौकीदार बनवून राहिली काय वं?" म्हणत भागीरथाबाईंनी टोपी घातली आणि मग उतरवलीच नाही. येणारे-जाणारे विणीचे कौतुक करत. आकड्याचे नाव कोणी काढले नाही.

फाल्गुनात केस बोटभर वाढले. एका दुपारी त्या म्हणाल्या, "प्रेमिला, माझा आकडा दे वं." त्यांनी मला केसांत खोचले. मी सारे बळ लावून धरून ठेवले, तरी घसरून त्यांच्या मांडीवर पडलो. पुन्हा खोचले, पुन्हा पडलो. त्या हसल्या.

"थांब गा थोडा. वाढू दे." मग टोपी डोक्यावर ओढून त्यांनी मला तिच्याच पिळात अडकवले. "तवरक इथं राय."

वैरिणीच्या घरी राहावे लागले. तेही सोसले, कारण केस वाढणार होते. तेवढी सवड मिळाली नाही. चैत्रात भागीरथाबाई गेल्या.

प्रेमिलाने टोपी माझ्यासकट ट्रंकेत ठेवली. पावसाळ्याच्या ओलीने मी गंजलो आणि राखाडी लोकरीवर तांबूस डाग पडला. तिने मला काढले, डाग धुतला. तो गेला नाही. आता दर हिवाळ्यात ती टोपीला ऊन दाखवते, चेहऱ्याशी धरते आणि बराच वेळ तशीच बसते. मी डबीत असतो.

मित्रांनो, लोकरीत लोखंड खोचून ठेवू नका. पण आकडा गंजला म्हणून त्याला फेकूही नका. टोपीने भागीरथाबाईंचा एकच हिवाळा पाहिला. न्हाऊन, केस पाठीवर मोकळे सोडून त्या अंगणात उन्हाला बसायच्या, हे टोपीला ठाऊक नाही. मला ठाऊक आहे.