तीनदा विचारलेली चाचणी

त्या मंगळवारची सकाळ इतर सकाळींसारखीच होती. नऊ वाजून दहा मिनिटांनी तिसऱ्या मजल्यावरचे दिवे लागले. कोणीतरी खिडकी उघडली, कोणीतरी कालचा कप धुवायला नेला. पहिल्या माणसाने आपले काम पुढे पाठवताच आम्ही साडेआठशे चाचण्या धावू लागलो आणि पडद्यावर हिरव्या खुणा उमटत गेल्या. माझीही उमटली. मित्रांनो, माझी ती खूण खोटी होती, आणि त्याचा संताप माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

मी मुलांची परीक्षा घेणारी चाचणी नव्हे, प्रोग्रामची. आणि आता जुनी झाले आहे. दवाखान्यांतल्या डायलिसिसच्या खुर्च्या ज्या वेबसाइटवरून राखून ठेवतात, तिच्या कोडमध्ये मी राहते. ज्यांची मूत्रपिंडे निकामी झाली आहेत, त्यांचे रक्त आठवड्यातून तीनदा यंत्राने स्वच्छ करावे लागते. चार तास, एका खुर्चीवर एकच माणूस. नऊ वर्षांपूर्वी ताईने मला लिहिले. ती इथली सर्वांत जुनी इंजिनिअर, म्हणून सगळ्यांचीच ताई. दोन कल्पित रुग्णांना एकाच क्षणी एकच खुर्ची मागायला लावायची आणि एकाला नकार मिळतो ना, ते पाहायचे, एवढेच माझे काम. नव्याने आलेल्यांना ताई बजावून सांगे, हिला विचारल्याशिवाय खुर्च्यांच्या कोडला हात लावायचा नाही. तेव्हा मला फार मान होता.

पुढे एका दवाखान्याचे चाळीस झाले. वेबसाइट चालवणाऱ्या एका मशीनला भार पेलवेना, म्हणून सहा मशीने लावली. खुर्ची दिल्याची नोंद मात्र प्रत्येक मशीन आपल्यापुरतीच लक्षात ठेवी. शेजारच्याला तिचा पत्ता नसे. आमच्या सरावासाठी दोन मशीने होती. दोन्ही मागण्या एकाच मशीनकडे गेल्या की मी पास होई. वेगवेगळ्या मशीनांकडे गेल्या की दोघांनाही खुर्ची मिळे आणि मी नापास. मी खरे तेच सांगत होते. पण आमच्याकडे एक तरतरीत गृहस्थ होते, त्यांना सारे ‘तुफान’ म्हणत. ते हसून म्हणाले, “लहरी आहे ही. पुन्हा लावली की होते पास.” आणि त्यांनी एक ओळ लिहिली: नापास झाल्यास तीनदा चालवा, एकदा जरी पास झाली तरी पास समजा. त्या ओळीला मंजुरी दिली ती ताईने. दोन बैठकांच्या मधल्या चार मिनिटांत, नीट न वाचता. तुफानपेक्षा मला तिचाच राग अधिक आला.

त्या मंगळवारी पावणेदहाला एका दवाखान्यातल्या परिचारिकेचा फोन आला. आदल्या दिवशी सात नंबरच्या खुर्चीवर दोन नावे होती. एक निवृत्त बसचालक भांडण नको म्हणून मुकाट्याने घरी परतला. डायलिसिस चुकले, अंगात पाणी साठले आणि पहाटे त्याला धापा टाकत उचलून आणावे लागले. तो वाचला. परिचारिकेचा आवाज चढला नव्हता. “खुर्ची एक आणि माणसं दोन. कुणाला उठवायचं, ते तुम्हीच सांगा.”

आमचे साहेब म्हणाले, दवाखान्याच्या काउंटरवर कोणाची तरी चूक झाली असेल. तुफाननेही मान डोलावली. ताईने मात्र माझ्या जुन्या नोंदी उघडल्या. हिरव्या खुणेच्या पोटात पहिल्या खेपेला मी नापास झाल्याचे निकाल दडले होते, एका महिन्यात चारशे बारा. ती वाचत गेली आणि तिचा चेहरा उतरत गेला. मग तिने गुरुवारची यादी काढली. सात नंबरवर पुन्हा दोन नावे होती; त्यांतले एक त्याच बसचालकाचे.

“दुपारी नवे दहा दवाखाने जोडायचेत,” साहेब म्हणाले. “आज नको ना हे प्रकरण काढू.”

“बरं,” ताई म्हणाली. “मग त्या बसचालक काकांना काय कळवू, कितव्या वेळी परत पाठवल्यावर काढणार आहोत ते?”

तुफान खाली मान घालून आपल्या बोटांकडे पाहत राहिले.

मित्रांनो, कोणी ‘नाही’ म्हणाले, तर ‘हो’ म्हणेपर्यंत त्याला विचारत राहू नका. ‘नाही’ का, ते एकदा विचारा. माझे गाऱ्हाणे एवढेच आहे.

ताई जागेवर येऊन बसली. तिने ती ओळ पुसली आणि कारणाच्या रकान्यात लिहिले: मंजुरी मी दिली होती, चूक माझी. खुर्च्यांचे सारे काम तिने पुन्हा एकाच मशीनवर आणले. वेबसाइट रांगू लागेल हे तिला ठाऊक होते. मग सरावाच्या त्या दोन मशीनांवर तिने मला चालवले, एकदाच. कोडमधला दोष अजून तसाच होता; मी नापास झाले. लाल खूण उमटली, आणि लाल असताना नवे काही पुढे जात नसल्याने नव्या दहा दवाखान्यांची जोडणी जागच्या जागी थांबली. तिने फोन उचलला आणि परिचारिकेला सांगितले, “गुरुवारी सात नंबरवर काकांचंच नाव राहू द्या. दुसऱ्यांना मी स्वतः फोन करते.”